सुस्थितीतलं यंत्र

मावशी : टेपचं टोक घट्ट धरा, साहेब. आणि पोट कशाला आत घेताय? माप मशीनचं चाललंय, तुमचं नाही.

अधीक्षक : सवय हो. कुणी टेप काढली की आपोआप होतं.

मावशी : अजून खाली. चाकांपर्यंत. हं. आता आकडा वाचा.

अधीक्षक : मी वाचू? रुग्णालयाची शिवणखोली तुम्ही सांभाळता, मावशी. मी नुसता अधीक्षक.

मावशी : शिवण माझ्याकडे, वाचन तुमच्याकडे. या खोलीत अंधार किती आहे!

अधीक्षक : खिडकी उघडी आहे. भर दुपार आहे.

मावशी : मग माझ्यापुरता असेल. वाचा.

अधीक्षक : त्रेसष्ट. मावशी, राग मानू नका, पण हे आच्छादन जरा जपून शिवा. गेल्या खेपेला तुमच्या एका गाऊनला तीन बाह्या निघाल्या. सिस्टर माझ्या टेबलावर आणून आपटून गेल्या.

मावशी : एक जास्तच दिली ना? सरकारी कामात कमी पडलं तर बोलावं.

अधीक्षक : तो पेशंट अर्धा तास तिसरा हात शोधत होता म्हणे.

मावशी : बरं, करमणूक झाली त्याची. हे जुनं कव्हर चांगलं आहे की. कुठे उसवलेलं नाही, डाग नाही. नवं कशाला?

अधीक्षक : रंग उतरलाय. उद्या तपासणी समिती येणार. उपकरणांची उत्कृष्ट निगा राखल्याबद्दल गेली दोन्ही वर्षं ढाल आपल्याला मिळाली. माझ्या खोलीत बघितलीत ना?

मावशी : बघितली. प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे ती. मला वाटलं कुणाचा डबा राहिलाय.

अधीक्षक : धूळ बसते ना! यंदा मिळाली तर हॅट-ट्रिक. म्हणून आच्छादन नवं, निळं, काठाला पांढरी पट्टी.

मावशी : देते पट्टी. पण हे मशीन करतं काय ते सांगा. म्हणजे वर काढायची बाजू कुठे ठेवायची ते ठरवता येईल.

अधीक्षक : वर काढायची बाजू नको.

मावशी : रोज सगळं कव्हर उपसून काढणार?

अधीक्षक : काढणारच नाही ना. डोळ्यांचं लेझर आहे हे. नाजूक असतं.

मावशी : कसलं म्हणालात?

अधीक्षक : लेझर. डोळ्याच्या आतल्या पडद्याला... मावशी, टेप सोडलीत तुम्ही. मावशी? बसू नका तिथे, ते पेशंटचं स्टूल आहे.

मावशी : योग्य जागी बसलेय मग. साहेब, गेल्याच आठवड्यात तुमच्या ओपीडीत डोळे दाखवले. डॉक्टरबाई म्हणाल्या, साखर पडद्यापर्यंत पोचली. आत रक्त झिरपतंय. लेझर करून घ्या, नाहीतर आहे ती नजरही जाईल. कुठे करू म्हटलं, तर लांबच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे तारीख मिळाली पुढच्या हिवाळ्यातली.

अधीक्षक : अरे रे. खासगीत कुठे...

मावशी : गेले होते. त्यांनी आकडा सांगायच्या आधी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. तेव्हाच समजले. आता सांगा, हे तेच लेझर का?

अधीक्षक : हे वेगळं.

मावशी : वेगळं म्हणजे कसं?

अधीक्षक : म्हणजे तसं तेच. पण हे सुस्थितीतलं आहे.

मावशी : चालतं?

अधीक्षक : उत्तम! आल्यापासून एकदाही बिघडलेलं नाही.

मावशी : आल्यापासून किती जणांचे डोळे केले?

अधीक्षक : एकदाही बिघडलेलं नाही म्हटलं ना.

मावशी : डॉक्टरबाई! अहो डॉक्टरबाई, जरा इकडे या!

अधीक्षक : ओरडताय काय, बाजूला ओपीडी चालू आहे.

मावशी : म्हणून तर ओरडतेय. भिंतीपलीकडेच बसतात ना त्या.

डॉक्टर : काय झालं? कोण पडलं? मावशी, तुम्ही! आणि सर, कव्हर कुणी काढलं?

मावशी : मी काढलं. मापाला. हे ओळखता का तुम्ही?

डॉक्टर : ओळखते.

मावशी : मग त्या दिवशी माझ्या डोळ्यात बॅटरी मारत, ‘मावशी, फार उशीर करू नका’ म्हणालात, तेव्हा हे कुठे होतं?

डॉक्टर : इथेच. भिंतीपलीकडे.

मावशी : आणि मला चिठ्ठी कुठली दिलीत?

डॉक्टर : मला सांगायला मनाई आहे, मावशी. चार वेळा मागितलंय मी हे. शिकताना याच मॉडेलवर हात बसलाय माझा. रोज पेशंटना लांब पाठवते, ते तिथून तारीख घेऊन परत येतात, आणि तारीख येईपर्यंत काही जण आंधळे होतात. परवा एक बसचालक आले होते. त्यांचा एक डोळा गेलाच. दुसरा आज तपासायचा आहे, बाहेर बाकावर बसलेत.

अधीक्षक : डॉक्टर, कर्मचाऱ्यांसमोर नको.

डॉक्टर : या पेशंट आहेत, सर.

मावशी : दोन्ही आहे मी. तुम्हाला सोयीचं ते घ्या. साहेब, सरकारने हे पाठवलं कशाला?

अधीक्षक : योजना होती. नवं तंत्र, गरिबातल्या गरिबापर्यंत. मोठा निधी आला, समारंभ झाला, यंत्र आलं.

डॉक्टर : बाजूला स्टिकर आहे बघा. ‘सर्वांसाठी.’ कव्हर काढलं की दिसतं.

मावशी : म्हणूनच घालून ठेवत असतील.

अधीक्षक : हसा. खुशाल हसा दोघी. खरेदीला निधी आला. देखभालीला किती आला? शून्य. वर्षाच्या देखभालीचा करार मी मागितला तर वरून उत्तर आलं, उपकरण नवीन असल्याने गरज दिसत नाही. पुढच्या वर्षी परत मागितला. उत्तर आलं, उपकरण एकदाही बिघडलेलं नसल्याने गरज दिसत नाही.

डॉक्टर : वापरलंच नाही तर बिघडणार कसं?

अधीक्षक : हेच तर! आणि वापरलं आणि बिघडलं तर? शेजारच्या रुग्णालयाने त्यांचं एक्स-रे रात्रंदिवस चालवलं. एक दिवस धूर निघाला. समितीने निगेचे सगळे गुण कापले आणि त्यांचं पुढचं अनुदान बंद. त्यांचे अधीक्षक आता गोदामात बसतात. चांगला माणूस होता हो. माझ्याबरोबर कॅरम खेळायचा.

मावशी : आणि त्या एक्स-रेत ज्यांची हाडं दिसली, त्यांचे गुण कुणी धरले?

अधीक्षक : त्याला रकाना नाही.

मावशी : मोडलेल्याला रकाना आहे, बऱ्या झालेल्याला नाही.

अधीक्षक : नियम मी केलेत का? मी खेळतोय नुसता. आणि हरू नये म्हणून खेळतोय. मला ढालीची हौस आहे, कबूल. पण नुसती ढाल नाही हो. गुण चांगले पडले तर पुढच्या वर्षी कमी दिवसांच्या बाळांसाठी उबेच्या पेट्या मिळणार आहेत. सहा पेट्या! या एका लेझरपायी त्या घालवू? सांगा ना, तुम्हीच सांगा.

मावशी : उबेच्या पेट्या? त्या केवढ्या असतात?

अधीक्षक : असतात अशा... टेबलाएवढ्या. का?

मावशी : नाही, टेप बाहेरच आहे. त्यांच्या कव्हरांची मापं आत्ताच घेऊन ठेवू का?

डॉक्टर : सर?

मावशी : बसा, साहेब. ते दुसरं स्टूल आहे, डॉक्टरांचं. पाणी देऊ?

अधीक्षक : नको. फार वाईट बोलता तुम्ही, मावशी.

मावशी : शिवणखोलीत एकटीच असते दिवसभर. साठतं.

अधीक्षक : बरं. ऐका. एक मार्ग आहे. तुम्ही आपल्या घरच्या. संध्याकाळी ओपीडी बंद झाली की मागच्या दाराने या. डॉक्टर तुमचं तेवढं करून टाकतील. परत कव्हर घालू. कुणाला कळायचं नाही.

डॉक्टर : सर, खरंच? मी तयार आहे. मावशी, आज पहिली बैठक, मग दोन आठवड्यांनी...

मावशी : नाही.

डॉक्टर : मावशी, ऐका माझं. गेलेली नजर लेझरने परत येत नाही. आहे ती टिकते. तुमची रोज थोडी चाललीय.

मावशी : मला माहीत आहे किती चाललीय. सकाळी सुईत दोरा ओवायला वॉर्डमधल्या पेशंटला बोलवावं लागतं. बटणं बोटांनी ओळखते. पण मागच्या दाराने नाही येणार मी.

अधीक्षक : अहो, मी स्वतःहून देतोय!

मावशी : तेच नको आहे ना. तुम्ही द्यायचं आणि मी गुपचूप घ्यायचं. आज मी घरची, उद्या तुमच्या शेजारणीची बहीण घरची, परवा समितीतल्या कुणाचा भाऊजी. आणि तो बसवाला बाकावर बसून हिवाळ्याची वाट बघेल. मग वर्षभर मी त्याच्या नजरेला नजर कशी देऊ? तीही मागच्या दाराने?

अधीक्षक : मग काय हवंय तुम्हाला?

मावशी : पुढचं दार. नंबरानं. मी माझ्या नंबराला येईन.

अधीक्षक : शक्य नाही.

मावशी : मग कव्हरही शक्य नाही. उद्या समितीला उघडं मशीन दाखवा.

अधीक्षक : ही अडवणूक आहे!

मावशी : आहे. पहिल्यांदाच करतेय, जमतेय का बघा.

अधीक्षक : जुनंच घालीन. आणा इकडे ते.

मावशी : जुन्यावर बसलेय मी.

अधीक्षक : डॉक्टर, सांगा ना यांना.

डॉक्टर : मी काय सांगू, सर? माझी बाजू कुठली ते तुम्हाला माहीत आहे. मी लेखी देते. वापर माझ्या जबाबदारीवर. गोदामात जायचं तर मी जाईन.

अधीक्षक : तुम्ही जाल आणि मला नेत्रविभागाला कुलूप लावावं लागेल. तुम्हाला पाठवायला मी वेडा आहे का? आणि नियम लेखी आहे हो. ‘उपकरण सदैव आच्छादित ठेवावे.’ सदैव. समितीचा माणूस आधी तेच बघतो. बाकी काही बघत नाही. मागच्या वर्षी तर त्याने कव्हरवरून हात फिरवला, ‘वा’ म्हणाला आणि चहाला गेला.

मावशी : खाली काय आहे ते बघितलं नाही?

अधीक्षक : नाही.

डॉक्टर : खाली कपाट असतं तरी ढाल मिळाली असती म्हणायची.

मावशी : मग आच्छादित ठेवू की. सदैव. साहेबांचा नियम मोडायचा नाही. डॉक्टरबाई, तुम्ही कुठून बघता?

डॉक्टर : इथून. या दोन भिंगांतून.

मावशी : हा खडू घ्या. हे जुनंच कव्हर घालते वरून. जिथून बघता तिथे गोल काढा. पेशंट कुठे डोकं ठेवतो?

डॉक्टर : पलीकडे. हनुवटी इथे, कपाळ या पट्ट्याला.

मावशी : काढा गोल. मोठा काढा, नाकं सगळ्यांची सारखी नसतात. हात कुठून घालणार?

डॉक्टर : दोन्ही बाजूंनी. आणि बटणं इथे. आणि मावशी, मागे पंखा आहे, तो झाकला तर तापेल.

मावशी : मागची बाजू गेली म्हणजे. कात्री कुठेय माझी?

अधीक्षक : थांबा! थांबा, ते सरकारी कापड आहे!

मावशी : मशीनही सरकारी आहे, मीही सरकारी आहे. कापू का नको?

अधीक्षक : उरणार काय त्यात?

मावशी : वरचं टोपडं आणि खालची झालर. झालरीला पांढरी पट्टी लावते. लांबून छान दिसेल.

डॉक्टर : सर, नियमाप्रमाणे आच्छादन आहे. सदैव आहे. मी हमी देते, मी ते कधीही काढणार नाही.

अधीक्षक : या असल्या चिंध्या घातलेल्या यंत्राला ढाल मिळेल?

मावशी : नाही मिळणार.

अधीक्षक : तुम्ही तरी जरा धीर द्यायचा, मावशी.

मावशी : खोटा कशाला देऊ? ढाल जाईल. कदाचित मशीनही जाईल कधीतरी. वापरून गेलं तर नवीन मागायला आपल्याला तोंड तरी असेल. कव्हरात म्हातारं झालं तर काय सांगणार? निवांत गेलं, काही त्रास झाला नाही?

डॉक्टर : आणि उबेच्या पेट्यांसाठी मी येते तुमच्याबरोबर भांडायला. सगळा विभाग येईल.

मावशी : मीही येते. गाऊन घालून येते, तीन बाह्यांचा.

अधीक्षक : नको, तुम्ही नका येऊ. तुम्ही आलात तर असलेल्या पेट्याही परत नेतील.

मावशी : कापू?

अधीक्षक : डॉक्टर, ही चावी. याच्या बाजूला भोक आहे, तिथे लावून उजवीकडे फिरवायची असते म्हणे. मला माहीत नाही. मी कधी फिरवलेली नाही.

डॉक्टर : मला माहीत आहे, सर.

अधीक्षक : लगेच माणसावर नको.

डॉक्टर : छे. आधी कार्डावर तपासून बघते, शक्ती बरोबर पडतेय का. सगळं ठीक असेल तरच. सिस्टरना सांगते, बाकावरच्यांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घाला. ज्यांचा नंबर आधी, त्यांना आधी.

मावशी : माझाही केसपेपर काढा. नवीन. आजच्या नंबराचा.

अधीक्षक : आणि मी काय करू?

मावशी : तुम्ही टेपचं टोक धरा. पट्टीचं माप राहिलंय.

(दुपार उतरताना. तीच खोली. खिडकीला काळा पडदा, यंत्राचा पंखा चालू. दाराबाहेर बाक भरलेला.)

डॉक्टर : बसचालक झाले, शाळेच्या बाई झाल्या, ते आजोबा झाले. मावशी, या. हात द्या. स्टूल इथे आहे.

मावशी : मशीनला झालर शोभते की नाही?

डॉक्टर : नटून लग्नाला निघाल्यासारखं दिसतंय. हनुवटी ठेवा. कपाळ पट्ट्याला. घाबरलात?

मावशी : नाही. हो.

डॉक्टर : बधिर करायचे थेंब घातलेत. आता डोळ्यावर एक काच टेकवते, पापणी मिटता येणार नाही. हिरवे लखलखाट दिसतील. थोडं टोचल्यासारखं होईल, पण डोळा हलवायचा नाही. बोलायचंही नाही.

मावशी : हे दुसरं अवघड आहे.

डॉक्टर : माहीत आहे. सुरू करतेय.

अधीक्षक : डॉक्टर, येऊ का? फोन आहे. समितीच्या प्रमुखांचा. कुणीतरी आधीच पोचवलंय त्यांना.

डॉक्टर : मला आत्ता हात सोडता येणार नाही, सर.

अधीक्षक : नाही, मीच बोलतोय. तुम्ही चालू ठेवा. हॅलो. हो साहेब, मीच. हो, खरं आहे. चालू आहे. आजपासून... परवानगी? माझी. तोंडी नाही, लेखी देतो ना, आत्ता पाठवतो... आच्छादन आहे की. उद्या बघालच... बिघडलं तर? बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे मागणार... तुमच्याकडेच साहेब. आणखी कुणाकडे मागणार?... गुण कापा. हो, ऐकू आलं. कापा म्हटलं... गोदामात? चालेल. तिथे माझा कॅरमचा जोडीदार आहे... ठेवतो साहेब. इथे काम चालू आहे.

मावशी : काय म्हणाले?

डॉक्टर : मावशी! डोळा हलतो बोललात की. सर, काय म्हणाले?

अधीक्षक : या क्षणी बंद करा म्हणाले.

डॉक्टर : मग?

अधीक्षक : मी म्हटलं, पेशंट बसलेत.

डॉक्टर : आणि या उठल्यावर?

अधीक्षक : उठल्यावर पुढचे बसतील. तुम्ही करा तुमचं, मी नंबर पुकारतो.